वैरण आधी, चंदी नंतर

अकलूजचा घोडेबाजार उलटला, तुळशीचं लग्न लागलं आणि लग्नसराई तोंडावर आली की सोलापूर, पंढरपूर, बार्शी भागातले घोडेवाले एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारू लागतात. घोडी अठरा वर्षांची झाली, चंदी सगळी संपवते, तरी बरगड्या दिसतात. हरभरा वाढवला तर लीद पातळ होते, कमी केला तर अंग धरत नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी पोट धरतं, हिंग-ओवा दिला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. शेवटी विचारणा ठरलेली असते: आता कोणता खुराक सुरू करू?

म्हातारा घोडा वाळला की आपला हात आधी चंदीच्या पोत्याकडे जातो. पोट नाजूक असेल तर नेमका तोच हात आखडायला हवा. अशा बहुतेक घोड्यांना दाणा कमी पडत नसतो, चावता आणि पचवता येईल अशी वैरण कमी पडत असते. म्हणून खाली चंदीबद्दल बोलण्याआधी दात, वैरण आणि पाणी यांच्याबद्दल बोललं आहे. तुम्हीही त्याच क्रमाने जा. उलट क्रमाने गेलात तर पैसे जातील आणि घोड्याचं पोटही बिघडेल.

बिघाड पोटात आहे की तोंडात?

घोड्याचे दात आयुष्यभर झिजतात आणि हिरडीतून वर सरकत राहतात. झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा धारदार होऊन गाल आणि जीभ कापतात. पंधरा-सोळा वर्षांनंतर एखादी दाढ हलते, एखादी पडते, आणि तिच्या समोरची दाढ वाढून त्या फटीत घुसते. अशा तोंडाने कडब्याचं धांड चावायचं म्हणजे शिक्षाच. नीट न चावलेली धांडं आतड्यात जाऊन अडकतात, आणि आपण म्हणतो, पोट नाजूक आहे.

पुढच्या खुणा आठवडाभर बघा:

- गव्हाणीत किंवा खाली चघळून टाकलेले वैरणीचे ओले गोळे सापडणं
- मान वाकडी करून एकाच बाजूने चावणं, किंवा मध्येच थांबून तोंड हलवत राहणं
- लिदीत बोटाच्या पेराएवढे कडब्याचे तुकडे किंवा अख्खे दाणे दिसणं
- तोंडाला कुजका वास, एका नाकपुडीतून घाण वास येणारा शेंबूड
- थंड पाण्याला तोंड लावून लगेच मागे घेणं

यातली एक जरी खूण दिसली तरी खाद्य बदलण्याआधी पशुवैद्यकाकडून दात तपासून घ्या. तोंड उघडं ठेवायचा आकडा लावून, गरज पडल्यास गुंगीचं इंजेक्शन देऊन, कानशीने कडा घासतात. एरवी हे वर्षातून एकदा पुरतं, अठरा वर्षांपुढे सहा महिन्यांनी करावं. नालबंद कितीही जुना आणि हुशार असला तरी पकडीने दाढ उपटायचं काम त्याला सांगू नका.

दातांबरोबर आणखी दोन-तीन गोष्टी तपासा. एक, जंत. ताज्या लिदीचा नमुना तालुक्याच्या दवाखान्यात द्या आणि निकाल बघून औषध घ्या. दर तीन महिन्यांनी डोळे मिटून जंताचं औषध पाजत राहिलं तर जंत त्या औषधाला दाद देईनासे होतात. दोन, वेदनाशामक औषधं. घोडा लंगडतो म्हणून दिलेलं औषध आठवडेच्या आठवडे चालू राहिलं तर त्याच्याच जठरात जखमा होतात. पोटाच्या तक्रारीने आलेल्या म्हाताऱ्या घोड्याच्या मालकाला मी तरी पहिला प्रश्न हाच विचारेन, की पायाला काय चालू आहे? तीन, उन्हाळा आला तरी न गळणारे लांब, कुरळे केस. ही संप्रेरकांच्या बिघाडाची खूण असते, आणि अशा घोड्याला गूळ, ऊस आणि जास्त दाणा दिला तर टापा पेटून तो कायमचा अधू होऊ शकतो. वजन उतरण्याबरोबर नाकातून चिकट स्राव आणि अंगावर गाठी असतील तर खुराकाचा विचारही करू नका. तो ग्लँडर्स रोग असू शकतो. तो माणसालाही होतो आणि त्याची खबर सरकारी पशुवैद्यकाला देणं कायद्याने बंधनकारक आहे.

पोटाविषयी निर्णयापुरतं

घोड्याचं जठर त्याच्या अंगाच्या मानाने लहान असतं, साधारण ८ ते १५ लिटरचं. त्यात आम्ल चोवीस तास पाझरतं, घोडा खात असो वा नसो. ते आम्ल निवतं लाळेने, आणि लाळ सुटते ती चावल्यावरच. दाणा दोन मिनिटांत संपतो, वैरण तासभर चावावी लागते. हा सगळा हिशेब इथे आहे. पाच-सहा तासांहून जास्त वेळ रिकामं राहिलेलं जठर आम्लाने सोलून निघतं.

दुसरा मुद्दा दाण्यातल्या पिठूळ भागाचा, म्हणजे स्टार्चचा. एका वेळी जास्त दाणा पडला तर तो लहान आतड्यात पुरता पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. तिथून गॅस, पातळ लीद, शूळ आणि कधी टापांची सूज सुरू होते. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकून गेलेलं परत निघत नाही.

टेप घ्या, वजन काढा

अंदाजाने मूठभर जास्त-कमी करण्यापेक्षा शिंप्याचा टेप आणा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत येतं. घेर १६० आणि लांबी १४० असेल तर वजन सुमारे ३०२ किलो. भीमेच्या काठची आपली भीमथडी तट्टं यापेक्षा हलकी भरतील, मारवाडी-काठेवाडी घोडी भारी. दर पंधरा दिवसांनी त्याच माणसाने त्याच टेपने मोजून भिंतीवर लिहावं. रोज बघणाऱ्या डोळ्याला घोडा वाळलेला शेवटी कळतो, टेपला आधी कळतो.

वाळल्या वैरणीचा रोजचा हिशेब वजनाच्या दीड ते दोन टक्के. म्हणजे ३०० किलोच्या घोड्याला साडेचार ते सहा किलो. हिरव्या चाऱ्यात बहुतेक पाणीच असतं, म्हणून पाच किलो हिरवं म्हणजे एक किलो वाळलेलं असं धरा.

सोलापूरच्या वैरणीत काय घ्यावं

परदेशी सल्ला वाचाल तर त्यात बीटचा चोथा आणि वयस्क घोड्यांसाठीच्या तयार गोळ्या सांगितलेल्या असतात. आपल्याकडे शुगर बीट सहसा पिकवत नाहीत, त्यामुळे त्याच्यामागे लागू नका. आपला जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या मालदांडीला तर भौगोलिक मानांकन आहे. तेव्हा सुरुवात कडब्यापासूनच करायची.

कडबा. रब्बीच्या शाळूचा, पानं शाबूत असलेला, हिरवट-पिवळा, गोडसर वासाचा कडबा म्हाताऱ्या घोड्यालाही चालतो, पण पेंढी सोडून पुढे टाकायची नाही. कुट्टी करा, आणि तीही बेताची. धांडाचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे हवेत. पिठासारखी बारीक कुट्टी घोडा न चावता गिळतो आणि तीच आतड्यात गोळा होऊन बसते. कुट्टीवर पाणी मारून अर्धा-एक तास मुरू द्या. पावसात भिजलेला, काळे ठिपके पडलेला खरिपाचा कडबा गुरांनासुद्धा जपून घालावा, घोड्याला तर नकोच. कडबा शेकड्यावर विकत घेताना दोन-चार पेंढ्या सोडून मध्ये हात घालून बघा आणि एक पेंढी काट्यावर टाका. शेकड्याचा भाव सगळे विचारतात, पेंढीचं वजन फार थोडे विचारतात. कडब्यात प्रथिनं अगदी कमी, चार टक्क्यांच्या आसपास असतात. उतारवयातल्या घोड्याला एकूण खाद्यात १२ ते १४ टक्के लागतात. म्हणून नुसत्या कडब्यावर तो उभा राहील, पण भरणार नाही.

लसूणघास. पोट नाजूक असलेल्या घोड्यासाठी आपल्या भागात याच्यासारखी दुसरी वैरण नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रथिनं भरपूर आणि कॅल्शियमही भरपूर, आणि ही दोन्ही मिळून जठरातलं आम्ल निवायला मदत करतात. पण तिला शिस्त लागते. कापलेला घास त्याच दिवशी ओला-ओला पुढे टाकला तर पोट फुगतं. तो सावलीत चार-सहा तास सुकू द्या. रोजच्या एकूण वैरणीच्या पावपट ते एक तृतीयांश पुरे. राहुरी विद्यापीठाचा 'आरएल-८८' हा वाण अनेक वर्षं कापण्या देतो, पाण्याची सोय असेल तर दोन गुंठे लावून टाका. मूत्रपिंडाचा त्रास निघालेल्या घोड्याला मात्र पशुवैद्यकाला विचारूनच घास द्या, कारण जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटेच बाहेर पडतं.

ओट, मारवेल, हरळी. हिवाळ्यात ओटचा हिरवा चारा मिळाला तर सोडू नका, मऊ असतो आणि घोडे आवडीने खातात. फुलोऱ्याआधी कापून वाळवलेलं मारवेल गवत म्हाताऱ्या दातांना सोपं जातं. बांधावरची हरळी चांगलीच, फक्त वाळलेली, केसांसारखी बारीक हरळी एकटीच पोटभर घालू नका, तीही आतड्यात गोळा होते. दुसऱ्या वैरणीत मिसळून द्या.

उसाचं वाढं. गळीत हंगामात फुकट किंवा फुकटासारखं मिळतं, म्हणून मोह होतो. तरण्या घोड्याने थोडं खाल्लं तर खपून जातं. दात गेलेल्या, पोट धरणाऱ्या घोड्याला ते चरबट पान आणि कांडं नको. माळशिरस, पंढरपूर, माढ्याकडे हिवाळ्यात पोट धरलेला म्हातारा घोडा दिसला की गव्हाणीत वाढं आहे का, हे आधी बघावं.

हत्ती गवत. यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. गुरांच्या कोठीपोटात त्याचा बराचसा निपटारा होतो, घोड्याच्या पोटात होत नाही. महिनोन्महिने मुख्य वैरण म्हणून घातलं तर हाडं ठिसूळ होतात आणि जबडा सुजतो. अधूनमधून, घासाबरोबर चालेल.

हिरवी ज्वारी, बाटूक. पाण्याचा ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीची किराळ गुरांना लागते हे तुम्हाला माहीत आहे. घोड्याला हिरवी ज्वारी रोज घातली तर मूत्राशय आणि मागचे पाय कायमचे बिघडू शकतात. नीट वाळलेल्या कडब्यात हा धोका फारसा उरत नाही.

मुरघास. दुधाच्या गोठ्यांत आता मक्याच्या मुरघासाच्या बॅगा सर्रास दिसतात. घोड्याला त्यातलं घालू नका. बॅगेला एक छिद्र पडलं आणि आत बुरशी धरली तर गाय कदाचित तरेल, घोडा तरणार नाही.

मग चंदी किती?

दात आणि वैरण ताळ्यावर आली की पंधरा दिवस थांबा. तेवढ्यात पुष्कळ घोडे आपोआप सुधारतात. नाही सुधारला तर चंदीकडे या, आणि दोन मर्यादा पाळा. एका वेळी अंगाच्या दर किलोला एक ग्रॅमहून जास्त पिठूळ भाग नको, दिवसभरात दोन ग्रॅमच्या वर नको. हे आपल्या मापात सांगायचं तर ३०० किलोच्या घोड्याला एका वेळी भरडलेलं जव अर्धा किलोच्या आतबाहेर आणि मक्याचा भरडा चारशे ग्रॅमच्या वर नको. दोन किलो हरभरा एकदम तोबऱ्यात बांधायची जुनी सवय या हिशेबात कुठेच बसत नाही.

जव आणि ओट हे दाण्यांमध्ये सगळ्यांत सोसणारे. दोन्ही भरडून, भिजवून द्या. मका आणि ज्वारी यांचा पिठूळ भाग कच्चा असताना पचायला जड असतो. घालायचाच असेल तर शिजवून, थोडा.

हरभरा हा आपल्याकडचा मानाचा खुराक. तरण्या, कष्टाच्या घोड्याला तो शोभतो. नाजूक पोटाला रात्रभर भिजवलेला, पाणी बदललेला, पाव किलोपर्यंत पुरे. पेंढीभर कडबा आणि पसाभर हरभरा यांत निवड करायची झाली तर हरभरा सोडा. हुलग्यांचं तसंच आहे. दख्खनच्या फौजांची घोडी हुलग्यांवर पोसली गेली, पण शिजवलेल्या. कच्च्या हुलग्यातले घटक प्रथिनं पचू देत नाहीत, म्हणून मऊ शिजवून, गार करून, मूठ-दोन मूठ.

गव्हाचा कोंडा म्हाताऱ्या घोड्याचा कैवारी समजला जातो. ओला कोंडा पोटाला बरा वाटतो हे खरं, पण त्यात कॅल्शियमच्या जवळजवळ दहापट फॉस्फरस असतो. रोज किलो-दोन किलो घातला तर हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं. पिठाच्या गिरण्यांवरच्या घोड्यांत हा रोग पूर्वी ओळखीचा होता. दिवसाला अर्धा किलोच्या आत, आणि घासाबरोबरच. कॅल्शियम कमी म्हणून पानवाल्याचा चुना कोणी कालवू नये. तो तोंड आणि अन्ननलिका भाजतो. लागलीच तर खाद्यासाठीची चुनखडी पूड पशुवैद्यकाच्या सल्ल्याने घ्या.

वजन भरायचं असेल तर दाण्यापेक्षा तेल बरं. करडईचं किंवा सोयाबीनचं खाण्याचं तेल २० मिलिलिटरपासून सुरू करून दोन आठवड्यांत १०० मिलिलिटरपर्यंत न्या, आणि ते खाद्यातच मिसळा. लीद चिकट, तेलकट झाली तर मागे या. खोबऱ्याची पेंड ताजी मिळाली तर दोनशे-तीनशे ग्रॅम भिजवून चालते. तिच्यात पिठूळ भाग कमी असतो.

कोणताही बदल दहा ते चौदा दिवसांत हळूहळू. जुनं पाव कमी, नवं पाव जास्त, असा. पाहुण्यांकडून नवी वैरण आली म्हणून एका रात्रीत गव्हाण बदलली की दुसऱ्या दिवशी डॉक्टर शोधावा लागतो.

३०० किलोच्या घोड्याचा एक दिवस

हा नमुना आहे, तुमच्या वेळा आणि चारा बघून फिरवा.

- पहाटे: भिजवलेली कुट्टी दीड किलो. ती निम्मी संपल्यावर भरडलेलं जव ३०० ग्रॅम, भिजवून.
- दुपारी: हिरवा लसूणघास पाच किलो, सावलीत सुकवून, दोन वेळांत विभागून.
- संध्याकाळी: कुट्टी किंवा मारवेल दीड किलो, मागून जव ३०० ग्रॅम, कोंडा ३०० ग्रॅम, मीठ २५ ग्रॅम, तेल.
- रात्री झोपण्यापूर्वी: कुट्टी दीड ते दोन किलो, पहाटेपर्यंत पुरेल अशी.

चारांपैकी रात्रीचं खाणं सगळ्यांत जास्त वेळा चुकतं. संध्याकाळी सातला चंदी देऊन पहाटे सहापर्यंत गव्हाण रिकामी ठेवली तर अकरा तास आम्ल मोकळंच राहतं. वैरण आधी आणि दाणा मागून, हा क्रमही मोडू नका.

दाढा जवळजवळ गेलेल्या घोड्याला कुट्टीही झेपत नाही. त्याला वाळलेल्या घासाचा पाला, कोंडा, खोबऱ्याची पेंड आणि जवाचा भरडा भरपूर पाण्यात भिजवून, लापशीसारखं, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावं लागतं. कोरडा कोंडा किंवा कोरड्या गोळ्या अशा घोड्याच्या घशात अडकतात आणि नाकातून खाद्य बाहेर येतं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये भिजवलेलं खाद्य दोन तासांत आंबतं. तेवढंच भिजवा जेवढं संपेल, उरलेलं टाकून द्या, बादली घासून ठेवा.

वरातीच्या घोड्याचं वेगळं आहे

पोटाच्या तक्रारी सगळ्यांत जास्त याच घोड्यांच्या. दुपारी चारला सजवून नेलं जातं, वरात निघते आठला, संपते अकराला. मधल्या वेळात डीजे, फटाके, आणि पोटात काही नाही. त्यात नवरदेवाकडची मंडळी प्रेमाने जिलेबी आणि पेढे भरवतात. नाही म्हणताना घोडेवाल्याला संकोच वाटतो, कारण बक्षिसी तिथूनच यायची असते.

घोडा उपाशी न्यायचा हा समज आधी सोडा. निघण्यापूर्वी अर्धा-एक किलो घासाची किंवा कडब्याची कुट्टी पोटात असू द्या. तिचा थर आम्लावर राहतो आणि चालताना-नाचताना ते वर उसळत नाही. दाणा मात्र कामाच्या दोन तास आधीपासून बंद. मांडवाच्या मागे जिथे घोडा थांबतो तिथे वैरणीची जाळी आणि पाण्याची बादली घेऊन जा. बुकिंग घेतानाच सांगा की घोड्याला गोडधोड चालत नाही आणि पंधरा वर्षांपुढच्या घोड्याला नाचवलं जाणार नाही. परतल्यावर अंग गार होईपर्यंत थोडं थोडं पाणी, मग वैरण, आणि चंदी दुसऱ्या दिवशी सकाळी. थकून आला म्हणून त्याच रात्री दुप्पट चंदी देणं म्हणजे शुळाला आमंत्रण.

आषाढी वारीच्या दिवसांत माळशिरस-पंढरपूरच्या रस्त्यावर घोडा घेऊन चालणाऱ्यांनाही हेच सांगणं. रिंगणानंतर भाविक श्रद्धेने जे पुढे करतात ते सगळं घोड्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. केळ्याचा तुकडा ठीक, शिळी भाकरी आणि पाव नाही.

पाणी आणि मीठ

कडब्यावर राहणारा घोडा पाणी कमी प्यायला की लीद वाळते आणि शूळ येतो. उन्हाळ्यात ३०० किलोच्या घोड्याला ४० लिटर आणि कष्ट असतील तर त्याहून जास्त लागतं. नळाला पाणी काही दिवसांआड येतं म्हणून हौदात साठवलेलं पाणी शेवाळतं, आणि म्हातारा घोडा वासावरूनच तोंड फिरवतो. हौद आठवड्याला घासा. जानेवारीतल्या पहाटे दात दुखणाऱ्या घोड्याला कोमट पाणी ठेवून बघा, जास्त पितो. रोजचं साधं मीठ खाद्यात मिसळून द्या. लिदीचे गोळे मुठीत दाबल्यावर फुटायला हवेत, दगडासारखे लागले तर पाणी कमी पडतंय.

जिवावर बेतणाऱ्या चुका

- कोंबड्यांचं खाद्य, आणि औषध मिसळलेली गुरांची कांडी पेंड. मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन ही औषधं कोंबड्यांच्या आणि काही गुरांच्या खाद्यात असतात. घोड्याच्या हृदयाला ती अगदी थोड्या मात्रेतही मारक आहेत आणि त्यावर उतारा नाही. पिशवीवर घोड्यासाठी असं लिहिलेलं नसेल तर घालू नका.
- युरिया प्रक्रिया केलेला कडबा. गुरांना उपयोगी, घोड्याला निरुपयोगी आणि विषारीही ठरू शकतो.
- सरकी पेंड आणि बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड. पहिलीत गॉसिपॉल, दुसरीत अफ्लाटॉक्सिन. म्हाताऱ्या यकृताला दोन्ही झेपत नाहीत.
- बुरशीचा मका. निवडून, धुऊन, वाळवूनही नाही. त्यातलं विष घोड्याचा मेंदू विरघळवतं.
- माणसांच्या आम्लपित्ताच्या गोळ्या आणि खाण्याचा सोडा मनाने देणं. जठरातली जखम तीन मीटर लांबीच्या दुर्बिणीनेच खात्रीने दिसते. औषध असतं, पण मात्रा वजनावर ठरते आणि कोर्स आठवड्यांचा असतो. तो पशुवैद्यकच ठरवेल.

पोट धरलं तर

घोडा पायाने माती उकरतो, वळून कुशीकडे बघतो, वरचा ओठ मुडपतो, घामेजतो, लोळतो, लीद टाकत नाही. लगेच गव्हाण रिकामी करा. जबड्याखालच्या नाडीचे ठोके मोजा. शांत घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४ असतात, साठीच्या पुढे गेले तर गंभीर आहे. दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवा, दमवू नका. डॉक्टरांना फोन करताना शेवटची लीद कधी टाकली, काय खाल्लं आणि नाडी किती या तीन गोष्टी तयार ठेवा.

बाटलीने किंवा बांबूच्या नळीने तेल पाजू नका. ते श्वासनलिकेत जाऊन फुप्फुस सडतं आणि शुळातून वाचलेला घोडा त्याने जातो. तेल द्यायचंच असेल तर डॉक्टर नाकातून नळी घालून जठरात सोडतात. हिंग-ओव्याच्या मसाल्याला माझा विरोध नाही, पण त्याने कळ दबली म्हणून डॉक्टरला बोलवायला झालेला उशीर अनेक घोड्यांना भोवतो.

तुमचे हक्क आणि तुमच्यावरची बंधनं

खाद्याची पक्की पावती मागा. टांगा किंवा वरातीच्या घोड्यावर तुम्ही स्वतः पोट भरत असाल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही ग्राहकच ठरता. धंद्यासाठी घेतलं म्हणून तक्रार चालत नाही, असं दुकानदाराने सांगितलं तरी मानू नका. भेसळ किंवा बुरशी निघाली तर पोत्याचं तोंड परत शिवून नमुना आणि पावती जपा, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा.

१९६० च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यानुसार मालकाने जनावराला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा गुन्हा आहे, आणि म्हातारा झाला म्हणून रस्त्यावर सोडून देणंही. ओझं आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत दिवसाला नऊ तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ काम नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. सोलापुरात एप्रिल-मे म्हणजे जवळजवळ रोजच. गिऱ्हाइकाने दुपारी गाडी जुंपायचा आग्रह धरला तर हा नियम तुमच्या बाजूने आहे, तो दाखवा.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गुरांचा अनुभव जास्त आणि घोड्यांचा कमी असतो, हे मान्य करूनही पहिली पायरी तीच. पुढची तपासणी हवी असेल तर शिरवळ आणि उदगीर इथे पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. तिथे जाताना पंधरवड्यांच्या वजनाची नोंद, आत्तापर्यंतची औषधं आणि रोजच्या खुराकाची मापं लिहून न्या. मूठभर, पसाभर असं नाही, किलोत आणि ग्रॅममध्ये. आणि पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक पागेच्या दारावर खडूने मोठा लिहून ठेवा. रात्री घोडा लोळायला लागला की मोबाइलमध्ये नंबर शोधत बसायला वेळ नसतो.